‘कॉम्प्युटर म्हणतो, चोर तूच!’ : कार्ड-फ्रॉडच्या आरोपाची आणि बचावाची गोष्ट

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

   

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही. वय एकवीस, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आवाज कापत होता. कॉलेजातल्या एका मित्राने त्याला म्हटलं होतं, “भावा, माझं अकाउंट लॉक झालंय, आठवडाभर तुझं वापरू दे, पाच हजार तुझे.” याने एटीएम कार्ड दिलं, अकाउंटला जोडलेलं सिमही दिलं. दीड महिन्यानंतर अकाउंट गोठलं आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याची नोटीस आली. कोणाच्या तरी क्रेडिट कार्डावरून उडवलेले पैसे याच्या खात्यातून पुढे गेले होते. त्याने मला विचारलं, “दादा, मी चोर आहे का?”

मी वकील नाही, त्यामुळे त्याला आधी वकिलाकडे पाठवलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपल्याकडे ऑनलाइन फ्रॉडबद्दल जे काही बोललं जातं ते बळी पडलेल्यांच्या बाजूने. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका. ते बरोबरच आहे. पण ज्याच्यावर आरोप होतो त्याचं काय? त्याच्या बाजूने कोर्टात काय बोलता येतं, आणि ते बोलायचा हक्क कसा मिळाला? त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो चांगलाच रंजक आहे. आजचा भाग त्यावर.

बाई खरी की मशीन?

सुरुवात न्यूयॉर्कपासून. १९८० साल. एटीएम तेव्हा नवलाईची गोष्ट होती. क्वीन्स भागातल्या एका नोकरदार बाईंच्या खात्यातून दोन वेळा मिळून ८०० डॉलर निघाले. बाई म्हणाल्या, मी काढले नाहीत. बँक म्हणाली, आमच्या कॉम्प्युटरच्या नोंदीनुसार तुमचंच कार्ड आणि तुमचाच गुप्त क्रमांक वापरलाय, म्हणजे तुम्हीच काढले.

बाईंकडे काय होतं? एक साधं पत्र. पैसे निघाले त्या वेळी त्या कामावर हजर होत्या, असं त्यांच्या ऑफिसने लिहून दिलेलं. एका बाजूला कॉम्प्युटरचा छापील कागद, दुसऱ्या बाजूला हे पत्र.

न्यायाधीशांपुढे सरळ प्रश्न होता : विश्वास कोणावर ठेवायचा, माणसावर की यंत्रावर? त्यांनी माणसावर ठेवला. यंत्र आहे म्हणून ते बरोबरच असेल, असं धरून चालायला ते तयार नव्हते. बाई जिंकल्या.

हा दिवाणी दावा होता, तुरुंगाचा प्रश्न नव्हता. पण पुढच्या चाळीस वर्षांचं भांडण या छोट्या केसमध्ये आलंय. पडद्यावर दिसतं ते खरं, की त्यालाही उलटे प्रश्न विचारायचे?

गुन्हा वाटतो, पण कायदा कुठे आहे?

आता लंडनला जाऊ. १९८४ च्या अखेरीस. ब्रिटिश टेलिकॉमची ‘प्रेस्टेल’ नावाची सेवा होती. टेलिफोनच्या तारेतून टीव्हीच्या पडद्यावर माहिती यायची, मेलबॉक्सही असायचा. इंटरनेटचा थोरला चुलतभाऊ म्हणा हवं तर.

रॉबर्ट श्रिफीन नावाच्या तरुणाने एका प्रदर्शनात प्रेस्टेलच्या इंजिनिअरला पासवर्ड टाकताना पाहिलं. युजर आयडी काय, तर सगळे दोनच दोन. पासवर्ड? १२३४. हसू नका, आपल्यातल्या किती जणांचा आजही तसाच असेल! श्रिफीन आणि त्याचा मित्र स्टीव्हन गोल्ड यांनी आत शिरून बरीच भटकंती केली. थेट प्रिन्स फिलिप यांच्या मेलबॉक्सपर्यंत पोचले. १९८५ मध्ये दोघांना अटक झाली.

पण खटला कुठल्या कलमाखाली भरायचा? हॅकिंग हा शब्द इंग्लंडच्या कायद्यात नव्हता. मग सरकारी पक्षाने १९८१ चा बनावट दस्तऐवजांचा कायदा काढला. म्हणे, दुसऱ्याचा पासवर्ड टाकणं म्हणजे खोटा दस्तऐवज बनवणं. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं, एकाला ७५० आणि दुसऱ्याला ६०० पौंड दंड केला.

बचाव पक्षाने अपील केलं. मुद्दा साधा होता. दस्तऐवज म्हटलं की तो कशावर तरी नोंदलेला हवा. पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये क्षणभर येतो, तपासला जातो आणि पुसला जातो. जे टिकतच नाही त्याला खोटा दस्तऐवज कसं म्हणायचं? १९८७ मध्ये अपील कोर्टाने आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे मान्य केलं. दोघंही सुटले.

लोक म्हणाले, बघा, चोर सुटले! पण जरा थांबा. कोर्टाने ‘हे चांगलं केलंत’ असं म्हटलं नव्हतं. संसदेने जे गुन्हा ठरवलेलं नाही त्यासाठी दुसऱ्याच कायद्याला ताणून-खेचून शिक्षा देता येणार नाही, एवढंच म्हटलं. कपडा बसत नाही म्हणून माणसाचे हातपाय कापायचे नसतात, नवा कपडा शिवायचा असतो. आणि तो शिवलाही गेला. १९९० मध्ये ब्रिटनने कॉम्प्युटरच्या गैरवापराविरुद्ध वेगळा कायदा केला. बचावाने कायद्यातलं भोक दाखवलं आणि संसदेने ते बुजवलं.

तक्रार करणाराच आरोपी

आता जी गोष्ट सांगतोय ती ऐकून मी स्वतः अस्वस्थ झालो होतो. १९९२. केंब्रिजजवळच्या एका गावात एक पोलीस शिपाई होता, बरीच वर्षं नोकरी झालेला. सुट्टीवरून परत आला तर खात्यातून सहा वेळा मिळून ४६० पौंड गेलेले. त्याने तक्रार केली.

वित्तसंस्था म्हणाली, आमची यंत्रणा चुकूच शकत नाही. म्हणजे पैसे तुम्हीच काढलेत आणि आता खोटं बोलून परत मागताय. आणि त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला! १९९४ मध्ये तो दोषी ठरला. जो आयुष्यभर चोर पकडत होता तो कागदोपत्री चोर झाला. बँकेकडे तक्रार करणं एवढाच त्याचा अपराध.

इथे एक माणूस मदतीला आला. केंब्रिज विद्यापीठातला तरुण संशोधक रॉस अँडरसन. त्याने १९९३ मध्येच एक निबंध लिहून दाखवलं होतं की एटीएममधली फसवणूक बहुतेक वेळा कुठल्या महाभयंकर कोड-तोडीतून होत नाही. होते ती गबाळ्या कारभारातून. आतल्या कर्मचाऱ्याचा हात, प्रोग्रॅममधली चूक, पोस्टात पळवलेलं कार्ड. अपिलात अँडरसन बचाव पक्षाचा तज्ज्ञ म्हणून उभा राहिला आणि त्याने एकच गोष्ट मागितली : तुमची यंत्रणा आम्हाला तपासू द्या.

समोरून नकार आला. त्याऐवजी त्यांनी एका नावाजलेल्या ऑडिट कंपनीचा ‘सगळं ठीक आहे’ असा अहवाल पुढे केला. तेव्हा कोर्टाने जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा : आरोपीच्या तज्ज्ञाला यंत्रणा दाखवणार नसाल, तर त्या यंत्रणेचा पुरावाही आम्ही घेणार नाही. झालं. पुराव्याविना केस कोसळली. १९९६ मध्ये तो निर्दोष सुटला. चार वर्षं गेली होती.

‘मी निर्दोष आहे’ असं ओरडून तो सुटला नाही, हे लक्षात घ्या. ‘तुमचं यंत्र उघडून दाखवा’ या मागणीने तो सुटला.

आणि यंत्र उघडलंच नाही, तर?

तर काय होतं तेही ब्रिटननेच दाखवलं. १९८४ पासून तिथे नियम होता की कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे सरकारी पक्षाने दाखवायला हवं. पोलिसांना, वकिलांना हा नियम कटकटीचा वाटायचा. १९९९ च्या कायद्याने तो रद्द झाला. मग कोर्टं धरून चालू लागली की यंत्र बरोबरच असतं. चूक आहे असं वाटत असेल तर आरोपीने दाखवावं.

त्याच १९९९ च्या सुमारास ब्रिटिश पोस्ट खात्यात ‘होरायझन’ नावाची नवी हिशेबप्रणाली येत होती. गावोगावचे सबपोस्टमास्तर संध्याकाळी हिशेब लावायचे, तर स्क्रीनवर हजारो पौंडांची तूट! सॉफ्टवेअरमध्ये दोष होते. पण कोर्टात उभं राहिलं कोण? तर ही माणसं. चोरी, खोटे हिशेब, फसवणूक असे आरोप. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. भारतीय वंशाची एक बाई २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेली. कोणाचं घर गेलं, काहींनी जीव दिला.

२०१९ मध्ये दिवाणी कोर्टाने सॉफ्टवेअरमधले दोष मान्य केले. २०२१ मध्ये अपील कोर्टाने एका दिवसात ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसाव्या लागल्या. आरोपीला यंत्राविषयी प्रश्न विचारता आला नाही की काय होतं, त्याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

नोएडातला टीव्ही

आता आपल्याकडे या. भारताचा आयटी कायदा २००० च्या १७ ऑक्टोबरपासून लागू झाला. दीडेक वर्षातच, मे २००२ मध्ये, एक ऑर्डर आली. सोनी कंपनीची परदेशातल्या भारतीयांसाठी एक वेबसाइट होती : पैसे तिकडून भरायचे, वस्तू इथल्या नातेवाइकाला पोचवायची. एका अमेरिकन बाईच्या नावाने, तिच्या क्रेडिट कार्डावर रंगीत टीव्ही आणि कॉर्डलेस हेडफोन मागवला गेला. पत्ता नोएडाचा. कंपनीने माल पोचवला आणि देताना फोटोही काढून ठेवले. साधारण दीड महिन्याने कार्ड कंपनीचा निरोप आला : खऱ्या कार्डधारक बाई म्हणतायत, ही खरेदी माझी नाहीच.

तपास सीबीआयकडे गेला. माल घेणारा निघाला चोवीस वर्षांचा, कॉल सेंटरमधला मुलगा. कामावर असताना त्या बाईंचा कार्ड नंबर त्याच्या हाती लागला होता. टीव्ही आणि हेडफोन जप्त झाले. मुलाने गुन्हा कबूल केला.

आता दोन गोष्टी बघा. एक, शिक्षा कुठल्या कलमांखाली झाली? भारतीय दंड संहितेच्या ४१८, ४१९ आणि ४२० खाली. म्हणजे १८६० च्या कायद्याखाली! ज्या केसला भारतातली पहिली सायबर-गुन्ह्याची शिक्षा म्हणून ओळखलं जातं तिच्यात इंग्रजांच्या काळातलं ‘चारसोबीस’च कामाला आलं. दुसऱ्याची ओळख चोरणं हा वेगळा गुन्हा आपल्या आयटी कायद्यात तोवर नव्हताच.

दुसरी गोष्ट, शिक्षा किती? २००३ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, पण तुरुंगात टाकलं नाही. वय चोवीस, पहिलाच गुन्हा. एक वर्षाच्या प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं.

‘मी केलंच नाही’ एवढाच बचाव नसतो, मंडळी. ‘केलं, चुकलो, वस्तू परत केल्या, आयुष्य पुढे पडलंय’ हेही कोर्टापुढे मांडता येतं. कायद्यात त्याला जागा आहे. शिक्षा करताना कोर्ट माणूसही बघतं, नुसता गुन्हा नाही.

पुणे, २००५ आणि २००७

आता आपल्या पुण्यात. एप्रिल २००५. एका कॉल सेंटरमधल्या काही मुलांनी एका बड्या बँकेच्या चार अमेरिकन ग्राहकांकडून बोलण्या-बोलण्यात पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खोट्या खात्यांत वळवले. कुठलीही सिस्टिम फोडली नाही. गोड बोलले, बस्स. पैशाचा माग काढत पोलिसांनी त्यांना पकडलं. तपास चोख होता, आणि याच तपासामुळे जगभरात भारतीय कॉल सेंटरच्या सुरक्षेची चर्चा झाली.

पण दोनच वर्षांनी त्याच शहरात नाण्याची दुसरी बाजू दिसली. ऑगस्ट २००७. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल कोणीतरी घाण मजकूर टाकला. हा कार्ड-फ्रॉड नव्हता, पण मुद्दा आपल्याच कामाचा आहे. पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेस मिळवला आणि तो कोणाचा हे टेलिकॉम कंपनीला विचारलं. कंपनीने नाव दिलं. बंगळुरूमधल्या एका आयटी कर्मचाऱ्याला घरून उचललं आणि पुण्याला आणलं. पन्नास दिवस तो येरवडा तुरुंगात होता. नंतर कळलं, कंपनीने दिलेला तपशीलच चुकीचा होता. तो आयपी अ‍ॅड्रेस त्याचा नव्हताच.

पन्नास दिवस! आपल्याला फोन एक दिवस बंद पडला तर जीव कासावीस होतो.

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे गुन्हेगाराचा चेहरा नाही, हे इथे समजतं. तो फार तर घराचा पत्ता आहे. घरात कोण होतं, वायफाय कोण वापरत होतं, वेळ बरोबर नोंदली का, भारतीय वेळ की परदेशी वेळ, कंपनीने रेकॉर्ड नीट वाचलं का, हे सगळं विचारावं लागतं. वकिलाने उलटतपासणीत हे प्रश्न विचारले की बाहेरच्यांना वाटतं, काय फाटे फोडतोय. पण त्या फाट्यांमध्ये कुणाचे तरी पन्नास दिवस असतात.

जालन्याच्या निवडणुकीचा सायबर गुन्ह्याशी काय संबंध?

आहे, आणि खूप मोठा आहे. २००० मध्ये आयटी कायदा आला तेव्हा पुरावा कायद्यात ६५ब हे नवं कलम घातलं गेलं. कॉम्प्युटरमधली नोंद कोर्टात आणायची तर सोबत सही केलेलं प्रमाणपत्र हवं : ही नोंद अमुक यंत्रातून, अमुक पद्धतीने काढली, यंत्र नीट चालत होतं, वगैरे. गंमत म्हणजे हे कलम इंग्लंडच्या १९६८ च्या एका कायद्यावर बेतलेलं होतं, आणि ती तरतूद खुद्द इंग्लंडने १९९५ मध्येच मोडीत काढली होती. त्यांनी टाकलेला कोट आपण अंगात घातला. पण होरायझनचं आठवा. कधी कधी जुना कोटच थंडी अडवतो.

प्रमाणपत्र सक्तीचं की नाही यावर आपलं सर्वोच्च न्यायालय बरीच वर्षं मागे-पुढे करत होतं. २००५ मध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यात म्हटलं, नसलं तरी चालेल. २०१४ मध्ये केरळच्या एका निवडणूक खटल्यात म्हटलं, हवंच. २०१८ मध्ये पुन्हा सूट दिली. वकील, पोलीस, खालची कोर्टं, सगळेच गोंधळलेले.

आणि मग जालना. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल कोर्टात गेले : खोतकरांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झालाय आणि निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओत ते दिसतंय. पण व्हिडिओचं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. पुन्हा पुन्हा मागूनही देईनात.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. प्रमाणपत्र सक्तीचं. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी. आणि तुम्ही सगळे प्रयत्न करूनही समोरचा प्रमाणपत्र देतच नसेल, तर तुमच्यावर अशक्य गोष्ट लादली जाणार नाही.

आता कळलं? जालन्यातल्या आमदारकीच्या भांडणातून देशातल्या प्रत्येक कार्ड-फ्रॉड खटल्याचा नियम पक्का झाला. बँकेचं स्टेटमेंट, एसएमएसचा लॉग, सीसीटीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप चॅट. स्क्रीनशॉट छापून कोर्टात फडकवला म्हणजे पुरावा झाला, असं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा ठरलेला नमुनाच आहे. त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा म्हणा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो.

आणखी एक. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मेमरी कार्डातला मजकूर हाही ‘दस्तऐवज’ आहे आणि आरोपीला त्याची प्रत मिळायला हवी. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर प्रत न देता तज्ज्ञासह बघू द्यावी. ‘यंत्र उघडून दाखवा’ ही केंब्रिजकडची मागणी अशी आपल्याकडे हक्क होऊन आली.

कलमांची रस्सीखेच

आता थोडं कलमांबद्दल. कंटाळू नका, दोन मिनिटांत संपवतो. आयटी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. तिने ६६क, ६६ड अशी जी कलमं दिली, म्हणजे वकील ज्यांना ‘सिक्स्टी-सिक्स सी’ आणि ‘डी’ म्हणतात, त्यात दुसऱ्याचा पासवर्ड, ओळख वापरणं आणि कॉम्प्युटरवरून तोतयेगिरी करून फसवणं हे गुन्हे झाले. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे गुन्हे जामीनपात्र आहेत.

पण एफआयआरमध्ये सोबत जुनं ४२० असायचं, आता त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे एकाच कृत्याला दोन दारं. एका दारातून जामीन हक्काने मिळतो, दुसऱ्या दारात कोर्टाच्या मर्जीने. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका डेटाचोरीच्या प्रकरणात म्हटलं की खास कायदा पुरेसा असेल तर त्याच कृत्यासाठी दंड संहितेची कलमं लावू नयेत. हा मुद्दा प्रत्येक प्रकरणात नव्याने लढवावा लागतो. पण लढवता येतो.

अटकेचंही तसंच. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने पोलिसांना बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही. गरज का आहे ते लिहायचं, नाहीतर आधी हजर राहायची नोटीस द्यायची. आपल्या श्रोत्याला आली ती हीच नोटीस.

मग तो चोर आहे का?

परत त्या मुलाकडे येऊ. २००९ च्या १ ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली, आणि मग ओटीपी घराघरात पोचला. नुसता कार्ड नंबर चोरून भागेना. चोर माणसांना गोड बोलायला लागले आणि पैसे लपवायला दुसऱ्यांची खाती शोधू लागले. आज जाळ्यात पहिला सापडतो तो बहुतेकदा ज्याच्या नावावर खातं आहे तो पोरगा. सूत्रधार कुठे तरी दूर बसलेला असतो.

कायद्याच्या भाषेत कळीचा शब्द आहे हेतू. ‘कपटाने किंवा अप्रामाणिकपणे’ केलं का? पैसे चोरीचे आहेत हे त्याला माहीत होतं का? मित्राशी झालेलं चॅट, पाच हजार कशाचे म्हणून घेतले, एटीएमवर सीसीटीव्हीत कोण दिसतंय, सिम त्या दिवशी कुठल्या टॉवरवर होतं, यावर त्याचा बचाव उभा राहील किंवा पडेल. म्हणून त्याला मी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली : चॅट डिलीट करू नकोस. घाबरून पुसलेलं चॅट तुझ्या बाजूचा साक्षीदार असू शकतं.

बाकीचं त्याच्या वकिलाने सांगितलं, ते तुमच्याही कामाचं आहे. नोटीस खरी आहे का ते पोलीस ठाण्याशी संपर्क करून तपासा, कारण खोट्या नोटिसांचाही धंदा चालतो. खरी असेल तर टाळू नका, ठरलेल्या तारखेला हजर राहा. वकील सोबत घ्या, राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने तो हक्क दिलाय. अटक झालीच तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे २० व्या कलमात आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम तर १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता, म्हणजे इंग्रजांनाही आपल्या पोलिसांचा भरवसा नव्हता! वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि पैसे तुमचेच गेले असतील तर १९३० वर लगेच फोन. दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा. कुठला कधी लागेल सांगता येत नाही.

काही जण म्हणतील, चोरांना पळवाटा शिकवतोयस का रे? माझ्या आत्याच्या खात्यातून चाळीस हजार गेले होते. तिचं रडणं मी बघितलंय. चोर सापडावा असं मलाही वाटतं. पण खरा चोर सापडावा. चुकीचा माणूस पन्नास दिवस आत बसतो तेव्हा खरा चोर पन्नास दिवस बाहेर मोकळा असतो. सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून बचाव आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण नाही चढलो तरी आता ती पायरी मोबाइलमधून आपल्याकडे येते. आली तर निदान कुठे पाय ठेवायचा ते माहीत असावं.

तो मुलगा नोटिशीच्या तारखेला वकिलासोबत जाऊन आला. चौकशी सुरू आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, ते कोर्ट देईल. पाच हजार घेताना त्याने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता, हे मात्र तो स्वतःच म्हणाला. ‘आठवडाभर अकाउंट दे’ म्हणणारा मित्र तुमच्याही वर्गात असेल. त्याला हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!